आत्या मामाला स्टेशनवर न्यायची

माझ्या आत्याचा उजवा खांदा डाव्यापेक्षा चांगला उतरलेला होता. शिंपी तिचं माप घेताना दरवेळी टेप झटकून पुन्हा धरायचा आणि ती दरवेळी त्याला सांगायची, "टेप बरोबर आहे. खांदाच तसा आहे." शिंप्याला वाटायचं, लहानपणी पडली-झडली असेल. पण तो खांदा घोड्यांनी उतरवला होता. सबंध नोकरीत घोडे तिच्या त्या एकाच खांद्यावर हनुवटी टेकून उभे राहिले, आणि घोड्याचं डोकं काही हलकं नसतं.

आमच्या शहराच्या एका टोकाला, रेल्वेचे रूळ ओलांडले की सिरमचा कारखाना लागायचा. लोक त्याला घोड्यांचा दवाखाना म्हणायचे. खरं तर तिथला एकही घोडा आजारी नसायचा, आजारी घोडा तिथे चालायचाच नाही. धडधाकट घोड्याला घटसर्पाचं किंवा धनुर्वाताचं विष आधी अगदी थेंबभर टोचायचं, मग हळूहळू वाढवत न्यायचं. घोड्याचं अंग त्या विषाशी झुंजायला शिकायचं. मग महिन्यातून एकदा त्याच्या मानेच्या शिरेतून रक्त काढायचं, त्यातलं पिवळसर पाणी वेगळं करायचं आणि बाटल्यांत भरून इस्पितळांना पाठवायचं. माणसाच्या अंगाला जे शिकायला वेळच मिळालेला नसायचा, ते घोड्यानं आधीच शिकून ठेवलेलं असायचं.

आत्या तिथे लागली ती बाटल्या धुण्याच्या खोलीत. आजोबा अचानक गेले, माझे वडील तेव्हा शाळेत होते, आणि घरात कमावण्याजोगी तीच एक होती. ती खोली म्हणजे दिवसभर वाफ, सोड्याचं पाणी आणि लांब दांड्याचे ब्रश. संध्याकाळी तिच्या बोटांच्या सुरकुत्या बघून आजी म्हणायची, "माझ्याआधी तूच म्हातारी झालीस."

तबेल्याशी तिचा संबंध आला तो एका घोडीमुळे. त्या दिवशी नवीन घोडी खोड्यात उभीच राहीना. खोडा म्हणजे घोड्याला जागेवर उभं ठेवायची लाकडी आडव्यांची चौकट. दोन मोतद्दार, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे, दोरीला लोंबकळत होते. घोड्यांचे डॉक्टर हातात सुई घेऊन ताटकळले होते. आत्या बाटल्यांचा ट्रे घेऊन अंगणातून चालली होती. घोडीनं मान लांब केली आणि सरळ तिच्या खांद्यावर हनुवटी ठेवून दिली. आत्या जागच्या जागी थांबली. ट्रे खाली ठेवायचीही तिची हिंमत झाली नाही. डॉक्टर हलक्या आवाजात म्हणाले, "बाई, आता हलू नका," आणि त्यांनी काम उरकून घेतलं.

पुढच्या महिन्यात पुन्हा तेच. "त्या बाटलीवाल्या बाईंना बोलवा." त्याच्या पुढच्या महिन्यात दुसऱ्या घोड्यासाठीही बोलावणं आलं. शेवटी डॉक्टरांनी तिला तबेल्यातच घ्यायचं ठरवलं. मुकादमानं तोंड वाकडं केलं. तबेल्यात आजवर बाई नव्हती, बाई असावी असं नियमांत कुठे लिहिलेलं नव्हतं, म्हणजे नसायलाच हवी, असं त्याचं म्हणणं. डॉक्टर म्हणाले, "मी नाही ठरवलं. घोडीनं ठरवलंय. तिच्याशी बोला."

मी लहान असताना आत्याला तबेल्याबद्दल खोदून खोदून विचारायचो आणि ती सांगायचीही मनापासून. म्हणायची, शहरात घोड्याचं जे जे काम होतं, ते करून थकलेला प्रत्येक घोडा शेवटी आमच्या दारात यायचा. पलटणीतून आलेला एक उंच तांबडा घोडा होता. रेल्वेच्या गार्डनं शिट्टी मारली की तो जिथे असेल तिथे चारी पाय जुळवून ताठ उभा राहायचा, तोंडात गवत असलं तरी. शर्यतीतून आलेल्या एकाला कुणाच्या मागे चालणं सहन व्हायचं नाही, त्याला फिरवायला न्यायचं तर सगळ्यांच्या आधी न्यावं लागायचं. पोलिसांचा एक होता, त्याला गर्दी दिसली की तो तिच्यात आडवा घुसायचा. जेवणाच्या सुट्टीत माणसं हात धुवायला नळाशी जमली की हा दोर तोडून तिथे हजर, आणि सगळे मुकाट रांगेत. आणि सर्कशीतून आलेली पांढरी घोडी, तिला सगळे सर्कसवालीच म्हणायचे. कुणी टाळी वाजवली की ती एक गुडघा टेकून मान लववायची. डास मारायला टाळी वाजवली तरी. त्यामुळे तिच्या खणासमोर, म्हणजे तबेल्यातल्या तिच्या कप्प्यासमोर, सगळे डास मुकाट सहन करायचे, कारण तिचा गुडघा दुखरा होता.

या सगळ्यांत एक पावसाळा संपता संपता मामा आला.

मामा घोडागाडीचा घोडा. बदामी रंगाचा, पोट जरा सुटलेलं, आणि चेहऱ्यावर कायम कुणीतरी उशीर केल्यासारखा भाव. इथे घोड्यांना नंबर असायचे, नावं ठेवायची नाहीत असा मुकादमाचा दंडक होता. मामाचं नाव कळलं ते पुढच्या रविवारी.

त्या रविवारी फाटकाशी एक माणूस आला. डोक्यावर टोपी, अंगात जुना जाड कोट, खिसे फुगलेले. वॉचमनला म्हणाला, "मामांना भेटायचंय."

"कुठल्या खात्यात असतात?"

"खातं माहीत नाही. या बुधवारीच आलेत."

"बुधवारी तर कुणी कामावर लागलेलं नाही. नाव काय म्हणालात?"

"मामाच."

"काम काय करतात?"

माणसानं टोपी सारखी केली. "रक्त देतात," म्हणाला.

वॉचमन मागे वळून हसायला लागला. आत्या तेव्हा चाऱ्याची पाटी घेऊन तिथून चालली होती. हसण्याचं कारण विचारायला म्हणून ती फाटकाशी आली आणि तिथेच थांबली, कारण तो माणूस हसत नव्हता.

तो मामाचा गाडीवान. स्टेशनसमोरच्या घोडागाड्यांच्या अड्ड्यावर त्याचं आयुष्य गेलेलं. बस सुरू झाल्या, टॅक्सी आल्या, अड्ड्यावरच्या गाड्या एकेक करून नाहीशा झाल्या. शेवटी घोड्याचं पोट भरेना. घोडा विकायचा तर गिऱ्हाईक कसाईच असणार, हे त्याला पक्कं ठाऊक होतं. त्यातल्या त्यात कारखाना बरा, निदान दाणा-चंदी तरी पोटभर मिळेल, म्हणून त्यानं मामाला इथे आणून दिला आणि घरी जाऊन रिकाम्या गाडीत बसून राहिला. मामा हे नाव त्याच्या सख्ख्या मामावरून. "काम चोख," तो सांगायचा, "पण आधी एकदा तोंड फिरवणार."

बाहेरच्या माणसाला आत सोडायची सोय नव्हती. घोड्यांना बाहेरचा आजार लागू नये म्हणून तसा कडक नियम होता. तेव्हा गजांच्या अलीकडे आत्या आणि पलीकडे गाडीवान, असं त्यांचं पहिलं बोलणं झालं.

"खातो का?"

"खातो. पण निम्मं टाकतो."

"बादली पायाने सरकवतो का आधी?"

"नाही."

"मग मनापासून खात नाही तो," गाडीवान म्हणाला आणि खिशातली गाजरं तिच्या हातात देऊन निघून गेला.

पुढच्या रविवारपर्यंत मामानं खाणं आणखी कमी केलं. शिवाय रोज सकाळी ठरावीक वेळी तो खणाच्या फळीला दुगाण्या झाडायचा. फळी फुटली, दुसरी ठोकली, तीही खिळखिळी झाली. मुकादम म्हणाला, खोडसाळ जनावर आहे, परत पाठवा. परत म्हणजे कुठे, हे आत्याला कळत होतं. तिनं रविवारी गाडीवानाला विचारलं.

"सकाळी म्हणजे कधी?" त्यानं विचारलं.

"पहिली शिफ्ट सुरू झाली की थोड्या वेळानं."

तो टोपी काढून डोकं खाजवायला लागला. "सकाळच्या गाडीची वेळ आहे ती. उतारू घ्यायला निघायची वेळ. बाई, तो खोडसाळ नाही, त्याला उशीर होतोय. त्याला स्टेशनवर न्या."

"स्टेशन कुठून आणू मी?"

"या फाटकापर्यंत आणा. जरा वेळ उभा करा. मग परत न्या. गाडीला जुंपलंय की नाही, हे तो बघणार नाही. वेळेवर पोचलो, एवढं त्याला कळलं की झालं."

आत्यानं डॉक्टरांना विचारलं. डॉक्टर म्हणाले, नाहीतरी घोड्यांना फिरवतोच आपण, एकाला फाटकापर्यंत फिरवलं तर काय बिघडलं. दुसऱ्या दिवशी सकाळी आत्यानं मामाला बाहेर काढला. तो तिच्या पुढे पुढे, कान टवकारून, तुरुतुरु चालला. फाटकाशी आपणहून थांबला. एक पाय सैल सोडून, मान खाली घालून शांत उभा राहिला. रुळांवरून गाडी धडधडत गेली. मग त्यानं एकदा नाक फुरफुरवलं आणि आत्याला ओढत परत निघाला. खणात गेल्यावर त्यानं पायानं बादली सरकवली आणि तळाशी दाणा राहिला नाही.

त्या दिवसापासून रोज सकाळी आत्या मामाला स्टेशनवर न्यायची. कारखान्यातले सगळे तसंच म्हणायला लागले. मुकादमसुद्धा कुणी विचारलं तर सांगायचा, "बाई स्टेशनवर गेल्यात. येतील इतक्यात."

गाडीवानाला हे कळल्यावर त्यानं रविवारची वाट बघायचं सोडलं. तोही सकाळी फाटकापाशी यायला लागला. गजांमधून हात घालायचा, मामाच्या कपाळावरचा भोवरा खाजवायचा, आत्याशी चार शब्द बोलायचा. आत्या सांगायची, त्या चार शब्दांत निम्मे घोड्याचे असायचे आणि उरलेले हवापाण्याचे. तरी ती वेणी जरा नीट घालायला लागली होती, हे आजीच्या लक्षात आलं होतं.

मग मध्येच तो दिसेनासा झाला. बरेच दिवस आलाच नाही. एका सकाळी फाटकासमोर टॅक्सी थांबली आणि तिच्यातून हाच उतरला. टॅक्सी चालवायला शिकून तो परवाना काढून आला होता. खाकी शर्ट, कोट नाही, टोपी नाही. त्यानं नेहमीसारखा हात आत घातला. मामानं तो हुंगला, कान मागे पाडले आणि सावकाश वळून त्याच्याकडे पाठ केली.

गाडीवान आधी हसला. "बघा, फिरवलं तोंड." मग मामा वळेल म्हणून थांबला. मामा वळला नाही. रुळांवरून गाडी गेली, तसा तो आत्याला ओढत तबेल्याकडे चालू लागला.

"हाताला पेट्रोलचा वास येतोय," आत्या जाता जाता म्हणाली.

"हो," तो म्हणाला. "याच वासानं आम्हा दोघांना उठवलं अड्ड्यावरून."

दुसऱ्या दिवशी तो साबणानं हात धुऊन आला. मामानं पाठ केली. तिसऱ्या दिवशी आत्याच म्हणाली, "तो कोट कुठे गेला तुमचा?" कोट घरी खुंटीला होता. त्यानंतर तो कोट टॅक्सीच्या डिकीत राहायला लागला. फाटकाशी आला की आधी डिकी उघडायची, कोट चढवायचा, मग पुढे यायचं. कोटाला अजून तबेल्याचा, चामड्याचा, जुन्या घामाचा वास होता. मामानं पहिल्यांदा तो कोट हुंगला तेव्हा नाक थेट खिशात घातलं आणि खिशाचं अस्तर ओढून बाहेर काढलं. उन्हाळ्यात भर घामात जाड कोट घालून उभा राहणारा टॅक्सीवाला बघायला कारखान्याच्या खिडक्यांत माणसं यायची. त्याला त्याचं काही नव्हतं.

अशी काही वर्षं गेली. एक गोष्ट मात्र त्याच्या मनात ठुसठुसत होती आणि तो ती बोलायचा नाही. रक्त काढण्याच्या दुसऱ्या दिवशी तो मामाच्या मानेवरची कापसाची टिकली बघायचा आणि नजर दुसरीकडे वळवायचा. त्या दिवशी गाजरं जास्त असायची.

एका रविवारी दुपारी त्याच्या टॅक्सीत एक बाई मुलीला उराशी धरून बसली. मुलीचा गळा सुजलेला, श्वासाला करवतीसारखा आवाज. त्यानं गाडी इस्पितळात नेली. तिथे कळलं की घटसर्पाचं सिरम सकाळीच संपलंय आणि कारखान्यातून मागवावं लागेल. नर्सनं शिपायाला हाक मारली, तेवढ्यात हा म्हणाला, "मी जातो. तो रस्ता मला डोळे मिटून माहीत आहे." तिनं त्याच्या हातात चिठ्ठी दिली.

रविवार असल्यानं कारखान्याचं कोठार बंद होतं. आत्या चाऱ्याच्या पाळीवर होती. तिनं चिठ्ठी बघितली आणि ती धावत मागच्या क्वार्टर्समध्ये गेली. कोठारवाले बनियनवर झोपले होते. त्यांना तसंच उठवून आणलं. त्यांनी बर्फाच्या डब्यात बाटल्या ठेवून डबा गजांमधून बाहेर दिला. गाडीवानानं डबा धरला आणि एवढ्या घाईतही विचारलं, "मामाचं आहे का हे?"

दुसऱ्या कुणी हो म्हटलं असतं. आत्या म्हणाली, "नाही. मामा धनुर्वाताचा आहे. हे घटसर्पाचं. यात सर्कसवालीचं असेल, अजून तीन-चार जणांचं असेल. निघा आता."

संध्याकाळपर्यंत तो इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून होता. भाडं सोडून दिलं, जेवण राहिलं. दिवेलागणीला नर्स बाहेर येऊन म्हणाली की श्वासाचा आवाज कमी झालाय, मुलगी आता झोपलीय. तरी तो थोडा वेळ बसूनच राहिला.

सकाळी फाटकाशी आला तेव्हा कोटाचे दोन्ही खिसे भरलेले होते. एका खिशातली गाजरं त्यानं मामाला दिली. दुसऱ्या खिशातली आत्यापुढे धरली. "ही सर्कसवालीला द्या. माझी ओळख नाही तिच्याशी."

मग त्यानं गज धरला. "बाई, खरं सांगा," तो म्हणाला. "त्याला दुखतं का?"

"सुई जाते तेव्हा दुखतं," आत्या म्हणाली. "नंतर दिवसभर मलूल असतो. दुखत नाही असं मी सांगणार नाही तुम्हाला. पण तो घाबरत नाही. खोड्यात आपणहून जातो आणि डोकं माझ्या खांद्यावर टाकतो. मी सोबत असते त्याच्या."

"प्रत्येक वेळी?"

"प्रत्येक वेळी."

त्या दिवसानंतर त्यानं मामाच्या मानेवरून नजर वळवली नाही. टिकलीच्या बाजूला हात ठेवून उभा राहायचा.

मामा म्हातारा झाला तसं डॉक्टरांनी त्याचं रक्त काढणं थांबवलं. नियमानं त्याला कारखान्यातून काढायला हवं होतं. पण डॉक्टरांनी, मुकादमानं आणि वॉचमननं मिळून तो नियम विसरायचं ठरवलं. रोज सकाळी स्टेशन मात्र चुकलं नाही. आता आत्याला त्याच्याबरोबर धावावं लागत नव्हतं. उलट तिलाच मधून मधून थांबावं लागायचं. गाडी कधी कधी ते वाटेत असतानाच निघून जायची. मामाला ते कळत असेल, पण तो फाटकापर्यंत जायचाच.

एका सकाळी तो निघाला नाही. आत्यानं दोर सोडला, खणाचं दार उघडलं, तो तसाच उभा. मग गुडघे दुमडून सावकाश खाली बसला आणि एका कुशीवर कलंडला. डॉक्टरांनी येऊन छातीला नळी लावली आणि म्हणाले, "राहू दे त्याला निवांत." बाहेर गाडीची शिट्टी झाली. मामाचा एक कान हलला. आत्या त्याच्या डोक्याशी मांडी घालून बसली होती. थोड्या वेळानं तो कानही हलायचा थांबला.

गाडीवान फाटकाशी कोट घालून उभा होता. आत्या एकटीच येताना दिसली. त्या दिवशी वॉचमननं फाटक उघडलं. इतक्या वर्षांत तो माणूस पहिल्यांदा आत आला. मामाच्या शेजारी गवतात बसला, त्याच्या आयाळीतल्या काड्या वेचत राहिला. मुकादमानं त्या दुपारी कुणालाही त्या बाजूला फिरकू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी, त्याच वेळी, फाटकाशी टॅक्सी उभी राहिली.

वॉचमन बाहेर आला. जरा चाचरत म्हणाला, "अहो, मामा गेले ना."

"माहीत आहे."

"मग?"

गाडीवानानं गज धरला आणि आत तबेल्याकडे बघितलं. वॉचमन शहाणा माणूस. तो आत गेला आणि आत्याला म्हणाला, "स्टेशनवर तुमचं माणूस आलंय."

आत्या गेली. गजांच्या अलीकडे ती, पलीकडे तो. आता बोलायला घोडा नव्हता. तिनं सांगितलं की रात्री पाऊस पडला. तो म्हणाला, हो, टॅक्सीचा टप गळतोय. मग तो म्हणाला, "उद्यापासून इथे यायला मला काही कारण राहिलं नाही."

"कारण लागतंच का?" आत्या म्हणाली.

लग्नाचं म्हणाल तर एवढ्यावरच ठरलं. आत्याची चाळिशी जवळ आली होती. माझ्या वडिलांचं लग्न होऊन मीही जन्माला आलो होतो. वडील छापखान्यात अक्षरांचे खिळे जुळवायचे आणि घरातला कर्ता पुरुष आपण आहोत, हे त्यांना अधूनमधून आठवायचं. त्यांनी ठरवलं की माणूस पारखून घ्यायचा. एका संध्याकाळी टोपी भुवयांपर्यंत ओढून ते टॅक्सीच्या अड्ड्यावर गेले, हीच टॅक्सी निवडून बसले आणि उगाच लांबचा पत्ता सांगितला. वाटेत विचारपूस सुरू केली. घरी कोण कोण असतं? पिता का? राग पटकन येतो का? गाडीवान सगळ्याची सरळ उत्तरं देत राहिला. उतरताना वडिलांनी ऐटीत पैसे काढले. त्यानं ते घेतले, मोजून सुटे परत दिले आणि म्हणाला, "पाहुणे म्हणून आला असतात तर घेतले नसते. ताईंना सांगा, उद्या येतो."

"तुम्ही ओळखलंत मला?" वडील वरमले.

"बसलात तेव्हाच. नाक तेच आहे."

वडील घरी येऊन आजीला म्हणाले, माणूस चांगला आहे. आजी म्हणाली, "हे सांगायला एवढ्या लांब जाऊन आलास?"

दोघांनी सही करून लग्न केलं. साक्षीला डॉक्टर आणि मुकादम. आमच्यात आत्याच्या नवऱ्याला मामा म्हणतात. मी पहिल्यांदा तशी हाक मारली तेव्हा त्यांनी मला जवळ घेऊन समजावलं, "मामा एकच होता. ती जागा मोठी आहे, मला नाही पेलायची. तू मला काका म्हण." म्हणून ते आमचे काका.

कारखान्यामागच्या क्वार्टरमध्ये त्यांचा संसार झाला. एक खोली, एक स्वयंपाकघर, खिडकीतून तबेल्याची पाठीमागची भिंत. सुट्टीत मी तिथे राहायला जायचो. सकाळी काकांच्या अंगाला पेट्रोलचा वास आणि आत्याच्या अंगाला घोड्यांचा. दोघंही एकमेकांना आधी अंघोळ करा म्हणून सांगायचे आणि चहा थंड होईपर्यंत कुणीच उठायचं नाही. काका संध्याकाळी मला घेऊन शहरात चक्कर मारायचे आणि गाडी चालवता चालवता दाखवत जायचे. इथे घोड्यांची पाण्याची दगडी डोणी होती, आता त्यात फुलझाडं लावलीत. या चढावर रिकाम्या गाडीलाही उतरून ढकलावं लागायचं. या दुकानात नालबंद बसायचा, आता तिथे टायरचं पंक्चर काढतात. कुणाबद्दल तक्रार नसायची. फक्त चढ आला की त्यांची जीभ टाळ्याला लागून तो गाडीवानाचा आवाज आपोआप निघायचा, आणि गियर बदलायला उशीर व्हायचा.

आत्या निवृत्त व्हायला आली त्या सुमाराला शहर रुळांपलीकडे पसरलं होतं. कारखान्याच्या चारी बाजूंना इमारती झाल्या. सरकारनं तबेला शहराबाहेर दूर नवीन जागेत हलवायचं ठरवलं. घोडे ट्रकमध्ये चढवायचं काम बरेच दिवस चाललं होतं. प्रत्येक घोडा फळीवर पाय ठेवेपर्यंत आत्या त्याच्या डोक्याशी होती. शेवटचा ट्रक गेल्यावर तिनं खण झाडून घेतले. मुकादम तेव्हा नवा होता, तो म्हणाला, "बाई, आता कशाला? पाडायचेच आहेत." ती म्हणाली, "पाडेपर्यंत तरी नीट असू देत."

मी कॉलेजात होतो तेव्हा एकदा त्या नव्या जागेवर जाणारा चाऱ्याचा ट्रक निघाला होता. ट्रकवाला काकांच्या ओळखीचा. आम्ही तिघंही त्याच्याबरोबर गेलो. आत्या वाटेत आपल्या वेळचे कोण कोण असतील, याचा अंदाज घेत होती.

ती जागा म्हणजे उघडंबोडकं मोठं माळरान होतं आणि त्याला लांबच लांब कुंपण. आम्ही ट्रकमधून उतरत होतो तेवढ्यात पलीकडच्या टोकाला कुणीतरी फळी सरकवली. घोडे बाहेर आले. आधी एक, मग पाठोपाठ सगळे, आणि मोकळं मैदान दिसताच ते सुटले. माती उडाली. कुणाची शेपटी वर, कुणी हवेत दुगाण्या झाडतोय, कुणी मध्येच वळून उलटा पळतोय.

आत्या कुंपणाला धरून उभी होती.

"मी यांना कधी पळताना पाहिलंच नव्हतं," ती म्हणाली.

खरंच होतं ते. जुन्या कारखान्यात तेवढी जागाच नव्हती. दोर धरून चालवायचं, खोड्यात स्थिर उभं करायचं, खणात बांधायचं. सबंध नोकरीत तिनं घोडे शांत ठेवले होते.

"मामा पळायचा का हो?" तिनं काकांना विचारलं.

काका हसले. "एकदाच. उतारूची गाडी सुटत होती म्हणून. नंतर आठवडाभर माझ्याशी बोलला नाही."

घोडे एक फेरा मारून आमच्या बाजूनं धडधडत गेले आणि जमीन पायाखाली थरथरली. आत्यानं तोंडावर पदर धरला, धूळ नाकात जाऊ नये म्हणून, पण डोळे उघडेच ठेवले. चारा उतरवून झाला होता. ट्रकवाल्यानं हॉर्न वाजवला. काकांनी मागे वळून त्याला हातानंच थांबायला सांगितलं, आणि आम्ही आणखी बराच वेळ तिथे उभे राहिलो.